इकडील सर्व क्षेम

आमच्या पुण्याच्या घरी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात आजीची आंतरदेशीय पत्रं ठेवलेली आहेत. सगळी हुमनाबादहून आलेली. निळा कागद, घड्यांवर फाटत आलेला, आणि मजकूर जवळजवळ ठरलेला. आधी अनेक उत्तम आशीर्वाद, मग ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी’, मग पाऊसपाणी, तूर कशी आहे, आणि शेवटी दत्तजयंतीला माणिकनगरच्या यात्रेला येणार की नाही.

दहा-बारा माणसांच्या घराची खबर तीन शब्दांत! लहानपणी मला याचं हसू यायचं. पुढे इंजिनिअर झालो, नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर लिहायच्या कामाला लागलो, आणि कळलं की जगातली मोठमोठी नेटवर्कं आजीच्याच पद्धतीनं चालतात. आतलं सगळं बाहेर सांगत बसायचं नाही, ‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच कळवायचं. याला आमच्या भाषेत रूट समरायझेशन म्हणतात, म्हणजे मार्गांचा सारांश. तो का करतात, कसा करतात आणि एकदा तो करताना मी कसा तोंडघशी पडलो, ते आज सांगतो.

प्रत्येकाच्या हाती नकाशा

तुम्ही पाठवलेला व्हॉट्सअॅपचा निरोप किंवा बँकेचा व्यवहार छोट्या छोट्या पाकिटांत विभागून जातो. वाटेत प्रत्येक चौकात एक राउटर बसलेला असतो. पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि ते योग्य रस्त्यावर ढकलायचं, एवढंच त्याचं काम. पण योग्य रस्ता कोणता हे त्याला कळतं कसं?

एक उत्तर असं, की प्रत्येक राउटरनं आपले शेजारी कोण आणि त्यांच्यापर्यंत जायला खर्च किती, हे सगळ्या नेटवर्कला सांगायचं. हे निरोप हातोहात सगळीकडे पोचतात. मग प्रत्येकाकडे तोच नकाशा तयार होतो आणि प्रत्येक जण आपल्या जागेवरून सर्वांत स्वस्त वाटा स्वतः मोजतो. या पद्धतीला लिंक-स्टेट म्हणतात आणि तिच्यातला सर्वांत परिचित नियमसंच म्हणजे ओएसपीएफ. त्याचं पहिलं मानक १९८९ साली आलं. आज वापरात असलेल्या दुसऱ्या आवृत्तीचं मानक, आरएफसी २३२८, जॉन मॉय यांनी लिहिलेलं असून ते एप्रिल १९९८चं आहे.

वाटा मोजायची रीत मात्र त्याहून बरीच जुनी. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला ती १९५६ साली अॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिताना सुचली, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत. नेदरलँड्समधली ६४ शहरं घेऊन त्यांनी ती संगणकावर चालवून दाखवली आणि १९५९ साली प्रसिद्ध केली. तुमच्या मोबाइलमधला नकाशा रस्ता दाखवतो त्याच्या मुळाशीही हीच कल्पना आहे.

सगळ्यांना सगळं कशाला?

नकाशा सगळ्यांकडे असणं चांगलं, पण त्याची किंमत मोजावी लागते. एखाद्या गावची लाइन गेली की ती बातमी सगळीकडे जाते आणि प्रत्येक राउटर पुन्हा हिशेबाला बसतो. लाइन आली की पुन्हा तेच. पावसाळ्यात एखादी केबल मिनिटाला दोनदा जात-येत असेल, तर कुठल्या तरी कोपऱ्यातल्या त्या एका केबलपायी शेकडो राउटर दिवसभर बेरजा करत बसतात.

म्हणून ओएसपीएफमध्ये नेटवर्कचे भाग पाडतात. त्यांना एरिया म्हणतात. मधोमध एरिया शून्य, म्हणजे कणा. बाकीचे एरिया त्या कण्याला जोडलेले. एका एरियातून दुसऱ्या एरियात जायचं तर कण्यातूनच जायचं, शेजारच्या कुंपणावरून उडी मारायची नाही. एरियाचा तपशीलवार नकाशा एरियातच राहतो. सीमेवरचा राउटर आतला नकाशा वाचतो आणि कण्याला फक्त ‘हे हे पत्ते माझ्यामार्गे मिळतील’ अशी यादी देतो.

यादी दिली तरी ती लांबलचक असू शकते. आणि आतला एक पत्ता गेला किंवा आला की यादीतली ती ओळ बदलते, म्हणजे बातमी पुन्हा बाहेर जातेच. इथे सारांश उपयोगी पडतो. आठ ओळींऐवजी एकच ओळ. ही सोय ओएसपीएफ आपण होऊन करत नाही. सीमेवरच्या राउटरला माणसानंच सांगावं लागतं, की अमुक पत्त्यांपासून तमुक पत्त्यांपर्यंत एकच ओळ लिही. म्हणजे ती ओळ लिहिण्याची जबाबदारीही माणसाचीच.

वेलणकरांचे सहा आकडे

हे समजून घ्यायला आपल्या ओळखीचं एक सुंदर उदाहरण आहे, आणि ते एका मराठी माणसाचं आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी होते. संस्कृतचे ते नामांकित कवीही होते. त्यांनी रचलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं, अनेक लिप्या, नाना तऱ्हेनं लिहिलेले पत्ते, या सगळ्यातून पत्र योग्य गावी पोचवायचं होतं.

हुमनाबादचा पिन ५८५३३०. पहिला ५ म्हणजे कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र. ५८ म्हणजे कर्नाटकाचा उत्तरेकडचा पट्टा. ५८५ म्हणजे कलबुर्गीचा छाननी जिल्हा. शेवटचे तीन आकडे ३३० म्हणजे आमचं पोस्ट. पुण्यात पत्र छाननाऱ्याला हुमनाबाद कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नाही. त्यानं सुरुवातीचे आकडे बघून पत्र त्या दिशेला टाकायचं. बसवकल्याण, भालकी, बीदर ही गावंही ५८५मध्येच येतात. त्याच्या दृष्टीनं ती सगळी मिळून एकच ओळ. हाच सारांश.

हे आकडे जिल्ह्याच्या हद्दीला बांधलेले नाहीत हेही पाहा. बीदर वेगळा जिल्हा, तरी त्याचा आकडा कलबुर्गीबरोबरच. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला, पण लातूरच्या पत्रांवर ४१३च राहिलं. २०१४ साली गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, आकडे जागेवर. सारांश चांगला असेल तर आतल्या घडामोडींचा बाहेरच्याला त्रास होत नाही.

अपवादाची सोयही आहे. ४०नं सुरू होणारे पिन महाराष्ट्राचे, पण ४०३ आलं की गोवा. जास्त आकडे जुळणारी ओळ खरी मानायची. राउटरही हाच नियम पाळतो. दोन ओळी जुळत असतील तर जी अधिक नेमकी, तिच्या मागे जायचं.

माझ्या आजीचं माहेर उदगीर. ती जन्मली तेव्हा उदगीर आणि हुमनाबाद दोन्ही निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आलं. आज उदगीरचा पिन ४१३५१७. भावाला पत्र लिहिताना आजीला पहिल्याच चौकोनात वेगळा आकडा भरावा लागे. आमच्या भाषेत बोलायचं तर तिचं माहेर दुसऱ्या एरियात गेलं होतं.

आठ शाखा, एक ओळ

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीकडे एका वित्तसंस्थेच्या शाखा जोडायचं काम आलं. कणा पुण्यात. एका एरियात आठ गावं: हुमनाबाद, बसवकल्याण, भालकी, बीदर आणि कलबुर्गी, आळंद, जेवर्गी, चित्तापूर. गावाकडचं काम म्हणून मी ते मागून घेतलं होतं.

आयपी पत्ता चार आकड्यांचा असतो. मी शाखांना क्रमानं पत्ते दिले. हुमनाबादला १०.१६.०, बसवकल्याणला १०.१६.१, असं करत चित्तापूरला १०.१६.७. संगणक आकडे दोनच्या पटीत मोजतो. म्हणून शून्य ते सात हे आठ पत्ते एका ओळीत नेमके बसतात. ती ओळ १०.१६.०.०/२१ अशी लिहितात. तिरक्या रेघेनंतरचा आकडा सांगतो, की पत्त्याच्या ३२ बिटांपैकी सुरुवातीचे किती बिट जुळले म्हणजे पुरे.

हाच क्रम पाचपासून सुरू करून बारापर्यंत नेला असता, तर शाखा आठच राहिल्या असत्या, पण सारांशाला चार ओळी लागल्या असत्या: पाच एकटा, सहा-सात जोडीनं, आठ ते अकरा चौघं आणि बारा पुन्हा एकटा. तेव्हा सारांश नंतर सुचून भागत नाही. पत्ते वाटतानाच त्याचा विचार करावा लागतो.

या एरियाला दोन दरवाजे ठेवले होते, एक हुमनाबादला आणि एक कलबुर्गीला. आमचं हुमनाबाद आहेच चौफुलीचं गाव. पुण्या-सोलापूरहून हैदराबादला जाणारा रस्ता आणि बीदरहून कलबुर्गीला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. हुमनाबाद ते कलबुर्गी एक केबल होती, ती दोन्ही बाजूंना जोडणारी. दोन्ही दरवाज्यांवर मी तीच एक ओळ लिहिली. एक दरवाजा बंद पडला तर दुसऱ्यातून आत जाता येईल, असा हिशेब. कण्यातली यादी आठ ओळींवरून एका ओळीवर आली. दोन पावसाळे सुरळीत गेले. मी स्वतःवर खूश होतो.

‘तुझ्याकडं हिरवं असेल रे’

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी थोरल्या काकांचा फोन आला. काका हुमनाबादला असतात, शिक्षक म्हणून निवृत्त झालेले.

‘‘काय रे, तुमचं मशीन बंद पडलंय की. पेन्शन काढायला आलोय, तास झाला.’’

मी पडदा पाहिला. ‘‘नाही हो काका, इथे तर सगळं हिरवं दिसतंय.’’

‘‘तुझ्याकडं हिरवं असेल रे बाबा. इकडं रांग रस्त्यापर्यंत आलीय. म्हातारी माणसं उभी आहेत.’’

दहा मिनिटांत बीदर, भालकी आणि बसवकल्याणहूनही तेच फोन आले. कलबुर्गीकडच्या चार शाखा मात्र व्यवस्थित चालू होत्या.

झालं होतं असं. रस्त्याकडेच्या खोदकामात हुमनाबाद-कलबुर्गी केबल तुटली होती आणि एरियाचे दोन तुकडे झाले होते. हुमनाबादच्या दरवाज्याला आता फक्त अलीकडच्या चार गावांचा पत्ता होता, कलबुर्गीच्या दरवाज्याला फक्त पलीकडच्या चार गावांचा. पण सारांशाचा नियम असा, की ओळीतला एक जरी पत्ता आत सापडत असेल तरी पूर्ण ओळ जाहीर करायची. त्यामुळे दोन्ही दरवाजे कण्याला सांगत राहिले: आठही गावं माझ्यामार्गे मिळतील. इकडील सर्व क्षेम.

पुण्याला कलबुर्गीचा दरवाजा स्वस्त पडत होता, म्हणून बीदरची पाकिटंही तिकडेच जात होती. कलबुर्गीला बीदरची वाट माहीत नव्हती. हुमनाबादकडून कण्यात आलेली तीच ओळ तो बघतही नाही, कारण ती ओळ तो स्वतःच जाहीर करत असतो. सारांशातला पत्ता आत सापडला नाही तर पाकीट परत कण्यात पाठवायचं नाही, जागीच टाकून द्यायचं, अशी व्यवस्था असते. नाहीतर ते कण्यात आणि एरियात चकरा मारत बसेल. तेव्हा कलबुर्गीचा राउटर नियमाप्रमाणेच वागत होता. बीदरची पाकिटं येत होती आणि तो ती मुकाट टाकून देत होता.

याहून वाईट पुढेच होतं. १९९८च्या मानकाप्रमाणे सारांशाच्या ओळीवर आतल्या सर्वांत दूरच्या पत्त्याचा खर्च लिहितात. आधी कलबुर्गीच्या दरवाज्याला सर्वांत दूरचं गाव बीदर होतं, म्हणून खर्च ४० लागायचा. केबल तुटली, बीदर दिसेनासं झालं, उरलेल्यांत सर्वांत दूरचं गाव १५वर. म्हणजे निम्मी गावं गमावल्यावर तो दरवाजा पुण्याला पूर्वीपेक्षाही जवळचा वाटू लागला!

आणि पडदा हिरवा होता तो यामुळे, की आम्ही दोनच गोष्टी तपासत होतो: सारांशाची ओळ यादीत आहे का, आणि दोन्ही दरवाजे कण्याच्या बाजूनं उत्तर देतात का. ओळ होती, दरवाजे उत्तर देत होते. शाखेपर्यंत कुणी विचारतच नव्हतं.

मी दोन्ही दरवाज्यांवरचा सारांश काढून टाकला. एका ओळीच्या जागी आठ ओळी आल्या, हुमनाबादनं आपल्या चार सांगितल्या, कलबुर्गीनं आपल्या चार, आणि काही सेकंदांत बीदर बोलू लागलं. काकांना पेन्शन मिळाली तेव्हा दुपार झाली होती. रांगेतल्या काही जणांनी परतीची बस धरली होती. पुढची बस आणि पुढची खेप त्यांनाच पडली.

दोन ओळी

ही गोष्ट मानकात आधीच लिहून ठेवलेली आहे. एरियाचे तुकडे झाले तर प्रत्येक तुकडा वेगळ्या एरियासारखा आपोआप चालत राहतो. अट एवढीच, की एका सारांशातले पत्ते दोन तुकड्यांत पडता कामा नयेत. ते मी वाचलं होतं. वाचून पुढे गेलो होतो. आपला एरिया तुटेल असं वाटलं नव्हतं, किंवा यादीतली एक ओळ वाचवण्याचा मोह जास्त होता.

नंतर मी एका ओळीच्या दोन केल्या. शून्य ते तीन बीदरकडची, चार ते सात कलबुर्गीकडची. दोन्ही ओळी दोन्ही दरवाज्यांवर लिहिल्या. सगळं जोडलेलं असेल तेव्हा दोन्ही दरवाजे दोन्ही ओळी सांगतात. केबल तुटली की हुमनाबादला चार ते सातमधलं एकही गाव सापडत नाही, आणि ती ओळ आपोआप मागे घेतली जाते. कलबुर्गीकडून शून्य ते तीनची ओळ तशीच जाते. एक ओळ वाढली, पण जिथे तुटू शकतं तिथेच सारांशाची शीव पडली. शिवाय आता आम्ही प्रत्येक शाखेच्या आतल्या एका यंत्राला दर मिनिटाला हाक मारतो.

त्या आठवड्यात घरी हे सगळं सांगत होतो. बाबा ऐकत होते. उठले आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. त्यातलं एक पत्र त्यांनी वेगळं काढलं. नेहमीसारखंच, ‘इकडील सर्व क्षेम’. बाबा म्हणाले, ‘‘हे आलं तेव्हा धाकटा सोलापूरला दवाखान्यात होता. टायफॉइड. मला महिन्यानं कळलं, तेही उदगीरच्या मामाकडून.’’ तेव्हा घरात वाटण्या होऊन धाकटे काका भालकीला गेले होते. आजी हुमनाबादला थोरल्यांकडे होती. तिच्या घरी खरंच सर्व क्षेम होतं. तिनं सवयीनं सगळ्यांचं मिळून लिहून टाकलं होतं. दूर राहणाऱ्या मुलाला घोर नको, हाही हेतू असेलच.

बाबांनी तेव्हा रागानं उत्तर लिहिलं होतं. आणि त्यानंतरची आजीची पत्रं पाहिली तर मजकूर बदललेला आहे. ‘हुमनाबादेस सर्व क्षेम. भालकीस धाकट्या सूनबाईंस ताप येऊन गेला, आता उतार आहे.’ शेवटच्या पत्रापर्यंत असंच. दोन ओळी.

आपल्या मंडळातले बरेच तरुण घरापासून दूर आहेत, आणि रविवारच्या फोनवर ‘सगळं ठीक’ ऐकून आपण निश्चिंत होतो. ते खोटं असतं असं नाही. रोजचा तपशील एकमेकांना सांगत बसलो तर कामं कुणी करायची? पण मी आता काकांना फोन करतो तेव्हा हुमनाबादचं विचारतो, आणि मग भालकीचं वेगळं विचारतो. काका हसतात. म्हणतात, ‘‘तुझं ते मशीन पुन्हा बंद पडलं काय रे?’’